होडीच्या ट्रॉलीचा हब तापतोय? ग्रीस गन उचलण्याआधी हे बघा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, मासेमारी करणारे एक मामा आणि त्यांचा भाचा फायबरची होडी दोनचाकी ट्रॉलीवर बांधून माजलगावच्या धरणाकडे निघाले. ट्रॉली म्हणजे जुन्या जीपचा एक्सल, वर चॅनेलचा सांगाडा आणि होडी खरचटू नये म्हणून टायरच्या पट्ट्या. शहागड ओलांडलं आणि उजव्या चाकातून धूर निघायला लागला. भाच्यानं घाबरून पाण्याचा पाच लिटरचा कॅन हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या, बेरिंग असलेल्या भागावर, रिकामा केला. चर्रर्र झालं, वाफ उठली, आणि मग मला फोन आला.

"मिस्तरी, परवाच तर ग्रीस मारलं व्हतं ना!"

मारलं होतंच, मामा खोटं बोलत नव्हते. टोपी उघडली तेव्हा वरचं ग्रीस लोण्यासारखं ताजं होतं. पण हब ओढून बाहेर काढला आणि आतल्या बाजूचं, म्हणजे एक्सलकडचं बेरिंग पाहिलं, तर तिथलं ग्रीस ताकात कालवलेल्या पिठासारखं पांढुरकं, फुटलेलं. रोलरवर गंजाच्या तपकिरी रेघा, आणि सीलची रबरी कड चिंचोक्यासारखी कडक. बाहेरून दोन दिवसांचं ग्रीस, आत दोन महिन्यांचं पाणी.

तापलेल्या हबला ग्रीस मारणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला चादर पांघरणं. हब का तापतोय हे आधी शोधा. ते कारण हब स्वतःच सांगतो, कुठे तापतो, कधी तापतो आणि कोणत्या बाजूला तापतो यावरून. हा लेख होडीच्या ट्रॉलीवर आहे, पण उसाची ट्रॉली आणि पाण्याचा टँकर चालवणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल. त्यांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगतो.

पाणी आत जातं कसं

होडीची ट्रॉली आणि उसाची ट्रॉली यांचे हब सारखे असले तरी दुखणी वेगळी. उसाच्या ट्रॉलीला मारतं ते ओझं आणि धूळ. होडी तशी हलकी असते, तिचा भार बेरिंगला जाणवतही नाही. तिच्या ट्रॉलीला मारतं ते पाणी, आणि त्याहून जास्त पाण्यानंतरचा आराम.

वीस-तीस किलोमीटर चालून आलेला हब समजा ६५ अंशांवर आहे. तुम्ही काठावर पोचता आणि तशीच ट्रॉली मागे घेत चाकं पाण्यात घालता, कारण होडी तरंगवून उतरवायची असते. पाणी २५ अंशांचं. हबच्या पोकळीतली हवा एकदम थंड होते आणि तिचं आकारमान साधारण १२ टक्क्यांनी आक्रसतं. आत तेवढी ओढ तयार होते. ती ओढ भरून काढायला बाहेरचं पाणी सीलच्या कडेनं आत शिरतं. सील नवं असेल तर थेंबभर, जुनं असेल तर चमचाभर. सील हे आतलं ग्रीस बाहेर येऊ नये म्हणून बनवलेलं असतं, त्याची कड त्या दिशेनं धरते. बाहेरून आत येणाऱ्या दाबापुढे ते बिचारं लेचंपेचं पडतं.

भाच्यानं कॅन ओतला तेव्हा नेमकं हेच रस्त्यावर घडलं. हब बाहेरून निवला आणि आत आणखी पाणी गेलं.

आपल्याकडे यात एक भर पडते. उन्हाळ्यात जायकवाडीचं पाणी मागे सरकतं आणि गाळपेराची जमीन उघडी पडते. होडी पाण्याला लावायची तर ट्रॉली त्या मऊ गाळातून न्यावी लागते. हा गाळ पिठासारखा बारीक. पाण्याबरोबर तो सीलमधून आत गेला की ग्रीसचं ग्रीस राहत नाही, व्हॉल्व घासायची पेस्ट होते.

पहिली पायरी: ताप मोजा, तोही दोन्हीकडचा

निघण्यापूर्वी दोन्ही हबना हात लावा. विशेषतः एप्रिल-मे महिन्यात. सकाळी उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून उभ्या असलेल्या ट्रॉलीचा एक हब उन्हात असतो, दुसरा सावलीत. न चालताच दोघांत फरक असतो, आणि नंतर माणूस त्या फरकाला घाबरतो.

मग १० ते १५ किलोमीटर नेहमीच्या वेगानं चालवा. थांबताना जोरात ब्रेक मारू नका, ट्रॉलीला ब्रेक असेल तर त्याची उष्णता हबमध्ये उतरते आणि मोजमाप चुकतं. वेग कमी करत करत थांबा आणि लगेच उतरून बघा. चहा घेऊन मग बघू म्हणाल तर पुरावा निवून गेलेला असतो.

हात लावताना तळवा लावू नका. आधी हाताची पाठ जवळ न्या, झळ लागते का बघा, मग टेकवा. पाच-सहा सेकंद आरामात टेकवता आला तर ५० अंशांच्या आसपास आहे. कसाबसा सेकंदभर टेकतो तर ६० ते ६५. टेकवताच येत नाही तर ७०च्या पुढे गेलाय. पाण्याचे दोन थेंब बोटानं टाकले आणि ते चर्र करून उडाले तर १००च्या वर आहे, मग पुढे एक मीटरही जायचं नाही. थेंब म्हणजे थेंबच, कॅन नव्हे.

आता हजार-दीड हजारात तापमान बघायची गन मिळते. चांगली वस्तू आहे, पण चकाकत्या धातूवर ती फसते. हबची टोपी पत्र्याची, चकचकीत असते, तिथे गन खऱ्यापेक्षा बरंच कमी दाखवते. हबच्या अंगावर जिथे रंग किंवा गंज आहे तिथे मोजा, किंवा काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. दोन्ही चाकांवर एकाच जागी, आणि जमलं तर चाकामागून एक्सलच्या बाजूनंही मोजा. आतलं बेरिंग जास्त भार उचलतं आणि सीलही तिकडेच असतं, त्यामुळे पहिली बातमी बहुधा मागून येते.

माझा अंदाज असा: बाहेरच्या हवेपेक्षा हब २५ ते ३० अंशांनी जास्त असेल तर काळजी नको. मे महिन्यात हवाच ४२ अंश असते तेव्हा ७० दिसलं म्हणून धास्तावू नये. खरी गोष्ट डाव्या-उजव्यातला फरक. एक ५५ आणि दुसरा ७८, तर दुसऱ्यात काहीतरी आहे, मग हवा कशीही असो. फरक १५ अंशांच्या आत असेल तर लक्ष ठेवा, २०च्या वर गेला तर उघडा.

दुसरी पायरी: कुठे आणि कधी तापतोय

चाक गरम लागलं म्हणजे बेरिंगच असं नाही. टायर गरम असेल, विशेषतः त्याची बाजू, तर हवा कमी आहे. ड्रमचा बाहेरचा घेर हबच्या मधल्या भागापेक्षा जास्त तापलेला असेल तर ब्रेक लायनर घासतंय. पाण्यात बुडालेल्या ट्रॉलीत ब्रेकचे लिव्हर आणि स्प्रिंग गंजून अडकतात, बेरिंग बदलून काहीच फरक पडत नाही आणि माणूस दुकानदाराला शिव्या देत बसतो. मध्यभाग सगळ्यात तापलेला आणि बाहेर जाल तसा थंड, हे बेरिंगचं लक्षण.

आता कधी तापतोय ते बघा.

काम करून आणल्यानंतर पहिल्याच पाच किलोमीटरमध्ये तापला तर दोन शक्यता. ग्रीस ठासून भरलं असेल तर हब सुरुवातीला तापतो, मग जास्तीचं ग्रीस बाजूला ढकललं जातं किंवा सीलमधून बाहेर येतं, आणि तापमान उतरून स्थिर होतं. नट जास्त आवळला असेल तर तापमान उतरत नाही, चढतच जातं. कारण ताप वाढला की बेरिंग फुगतं, फुगलं की आणखी आवळलं जातं, आवळलं की आणखी तापतं. नव्या हातांची सगळ्यात मोठी चूक हीच. चाक डगडगायला नको म्हणून पान्याला पाइप लावून नट ओढतात. टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरच्या, बेरिंगला थोडा मोकळेपणा लागतोच.

आधी ठीक होता, पाण्यात जाऊन आल्यावर पंधरा दिवसांनी तापायला लागला, तर पाणी. महिना-दोन महिने उभी होती आणि पहिल्याच फेरीत गुरगुर करत तापली, तरी पाणीच, फक्त ते आत बसून गंज चढलेला आहे.

दोन्ही बाजू सारख्याच तापतात तेव्हा बेरिंगला दोष देऊ नका. वेग, भार नाहीतर ग्रीस यांपैकी काहीतरी आहे. ट्रॅक्टरच्या मागे ताशी २०-२५ किलोमीटरनं आयुष्य काढलेली ट्रॉली पिकअपला जोडून ६०-७०नं पळवली की असं होतं. लहान चाक असेल तर आणखीच, कारण तेवढ्याच अंतरात त्याचे फेरे जास्त होतात. टँकरवाल्यांनी हिशेब करावा, ५,००० लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच पाच टन, शिवाय ते वळणावर एका बाजूला जातं. भरल्यावरच तापतो आणि रिकामा असताना थंड राहतो, असं एकाच चाकाचं असेल तर स्टब, म्हणजे एक्सलचं हब बसतो ते टोक, वाकलाय का ते तपासा.

तिसरी पायरी: जॅकवर चाक काय सांगतं

होडी उतरवून ठेवा. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच राहू द्या. दुसऱ्या चाकाला पुढून-मागून दगडाची उटी लावा. जॅक एक्सलखाली लावून चाक उचला आणि त्याच्या शेजारी घोडी किंवा लाकडाचे जाड ठोकळे सरकवा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. काळ्या मातीत जॅक सरळ बसलेला दिसतो आणि दहा मिनिटांत एका बाजूला रुततो, त्याच्याखाली फळी हवीच.

चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. जेमतेम जाणवेल इतका प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, चालतो. खडखड आवाज येत असेल तर एकतर नट सैल आहे किंवा बेरिंग झिजलंय. अजिबात प्ले नाही आणि फिरवायलाही जड, तर नट आवळलेला.

मग चाक हातानं जोरात फिरवा आणि दुसरा हात एक्सलवर किंवा स्प्रिंगच्या पट्ट्यावर ठेवा. कानापेक्षा इथे हात जास्त ऐकतो. चांगलं बेरिंग मुकं असतं. खराब झालेलं असेल तर जात्यावर ज्वारी भरडल्यासारखी घरघर हाताला लागते. ठरावीक जागी येऊन अडकल्यासारखं वाटलं तर रोलर किंवा कपाला, म्हणजे बेरिंगच्या बाहेरच्या कड्याला, खड्डा पडलेला आहे. शंका आली तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हबच्या मागे, एक्सलला टेकवा आणि मूठ कानाच्या हाडाला लावा. डॉक्टरच्या नळीपेक्षा कमी नाही. फक्त चाकाच्या फिरत्या भागापासून तोंड लांब ठेवा.

चौथी पायरी: उघडताना घाई नको

टोपी काढली की लगेच चिंधीनं पुसू नका. ग्रीस हा पंचनामा आहे, आधी वाचा. पांढुरकं, दुधाळ, फेसाळ म्हणजे पाणी. काळं, घट्ट, करपल्याचा वास म्हणजे फार तापून गेलंय. लालसर तपकिरी म्हणजे गंज. चिमूटभर ग्रीस बोटांत चोळून उन्हात धरा, चांदीसारखे कण चमकले तर धातू निघतोय, आता बेरिंग धुऊन वापरायचा विचार सोडा. रंग निळा आहे की लाल यावर जाऊ नका, तो कंपनीनं घातलेला असतो.

टोपीकडचं ग्रीस चांगलं दिसलं म्हणून तिथेच थांबलात तर मामांसारखं होईल. निपलमधून, म्हणजे ग्रीस गन लावायच्या तोंडातून, मारलेलं ग्रीस जिकडे वाट सोपी तिकडे जातं, आतल्या बेरिंगपर्यंत पोचेलच असं नाही. त्यामुळे स्प्लिट पिन काढा, नट काढा, वॉशर आणि बाहेरचं बेरिंग हातात झेला आणि हब सरळ ओढून काढा. सील काढल्याशिवाय आतलं बेरिंग निघत नाही. सील काढताना ते खराब होतंच, म्हणून नवं सील आधी हातात असू द्या. जुनं सील पुन्हा ठोकून बसवणं म्हणजे सगळं काम वाया घालवणं.

डाव्या-उजव्या बाजूंची बेरिंगं वेगवेगळ्या डब्यात ठेवा. डिझेलमध्ये किंवा रॉकेलमध्ये ब्रशनं धुवा. धुतल्यावर हवेच्या पाइपनं भिंगरीसारखं फिरवायची हौस काही पोरांना असते. ती मोडून काढा. कोरडं बेरिंग त्या वेगात फिरलं तर खराब होतं आणि रोलर धरून ठेवणारा पिंजरा तुटला तर रोलर गोळीसारखा उडतो.

पाचवी पायरी: बेरिंग वाचणं

दहापैकी आठ मिस्तरी "गेलंय, बदला" एवढंच सांगतात. बेरिंग गेलंय हे कुणालाही दिसतं. का गेलं हे नाही पाहिलं तर नवंही त्याच वाटेनं जाईल.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. ट्रॉलीत हब फिरतो आणि त्याच्याबरोबर कप फिरतो, कोन, म्हणजे बेरिंगचं आतलं कडं, मात्र स्टबवर जागच्या जागी असतो. ओझं कायम वरून खाली. त्यामुळे ओझ्याचा मार कोनच्या खालच्या बाजूला एकाच जागी बसतो आणि कप सगळीकडून सारखा झिजतो. कोनच्या खालच्या बाजूला सालटं निघाल्यासारखे खड्डे असतील तर भार जास्त झालाय किंवा बेरिंगचं वय झालंय. उसाच्या ट्रॉल्यांत हे नेहमीचं. उलट, फिरणाऱ्या कपाला एकाच जागी खराबी दिसली तर कान टवकारा. एकतर कपामागे कचरा राहून तो वेडावाकडा बसलाय, नाहीतर ट्रॉली बरेच दिवस उभी असताना हबच्या तळाशी पाणी साचून होतं. पाण्याची खूण ओळखायला सोपी आहे, रोलरमध्ये जेवढं अंतर तेवढ्याच अंतरावर गंजाच्या उभ्या रेघा. मामांच्या कपावर अशा पाच रेघा होत्या, फणीच्या दातांसारख्या. त्या नखाला लागत होत्या.

तेवढ्याच अंतरावर रेघा आहेत पण गंज नाही, नुसते चकचकीत खळगे आहेत, तर दणका बसलाय. खड्ड्यात आदळलेलं असेल किंवा बसवताना कुणीतरी रोलरवरून हातोडा मारलेला असेल. सगळा पृष्ठभाग राखाडी, धुरकट, आरसा गेल्यासारखा झाला असेल तर बारीक गाळ आत गेलाय.

आता रोलरचं जाडं टोक बघा. ते कोनच्या कडेला घासून फिरतं. तिथे ओरखडे, घासल्याच्या गोल खुणा असतील आणि बाकी रोलर बरा असेल, तर नट जास्त आवळला होता किंवा ग्रीस पोचलं नव्हतं. ही खूण सहसा कुणी बघत नाही, पण नट आवळणाऱ्याला पकडायला याहून पक्का पुरावा नाही.

रंगाचं थोडं सांभाळून. तपकिरी डाग रॉकेलनं चोळून निघाला तर तो जळलेल्या ग्रीसचा थर आहे. निघालाच नाही आणि छटा निळसर जांभळी असेल तर पोलाद जवळपास ३०० अंशांपर्यंत तापून मऊ पडलंय. असं बेरिंग दिसायला कितीही गुळगुळीत असो, भंगारात.

शेवटी स्टब. सीलची कड जिथे टेकते तिथे नख फिरवा. नख अडकेल इतकी खाच पडली असेल तर नवं सीलही गळणार. हलकी खरवड असेल तर बारीक पॉलिश पेपरनं गोल फिरवत साफ करा, खोल असेल तर लेथवाल्याकडे. हबमध्ये कप सैल होऊन फिरत असेल तर पंचानं टिंगळ्या मारून तो घट्ट करायची आपल्याकडे पद्धत आहे. मीही पूर्वी केलीय. दोन महिने टिकते. हब बदला किंवा बुश घालून घ्या.

सहावी पायरी: नवं बसवताना

जुन्या बेरिंगवरचा नंबर घेऊनच दुकानात जा, "जीपचं द्या" म्हणू नका. एका एक्सलवर आत-बाहेर वेगळे नंबर असू शकतात. ३०२०८, ३०२१० असा नंबर असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणलं की आतलं भोक मिलिमीटरमध्ये मिळतं, म्हणजे ४० आणि ५०. इंचाच्या मापाच्या बेरिंगला हा हिशेब लागत नाही. कप आणि कोन जोडीनंच बदला. जुन्या कपात नवा कोन घालून वाचवलेले पैसे पुढच्या टोइंगला जातात.

कप बसवायला पितळी पंच घ्या आणि समोरासमोर आळीपाळीनं ठोका. तळाला टेकला की आवाज बदलतो, ठप्पठप्पचा ठण्ण होतो. हा आवाज आल्याशिवाय थांबू नका. कप जड जात असेल तर एक सोपी युक्ती आहे. हब उन्हात ठेवा आणि कप प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तासभर बर्फात. ८० मिलिमीटरचा कप ५० अंशांच्या फरकानं साधारण पाच शतांश मिलिमीटर आक्रसतो, आणि तेवढ्यानं तो अर्ध्या ठोक्यात बसतो. आमच्याकडे हे काम कुल्फीवाल्याच्या पेटीत होतं. बसवल्यावर अंगावर धरलेला दमटपणा पुसून काढा.

ग्रीसमध्ये कंजुषी आणि उधळपट्टी दोन्ही वाईट. साधं चेसिस ग्रीस कॅल्शियमचं असतं. पाण्याला ते चिवट असतं, पण १०० अंशांच्या आसपास पाघळतं, म्हणून हबला नको. लिथियमचं ग्रीस १८०-१९०पर्यंत पाघळत नाही, रोजच्या कामाला ते चालतं. होडीच्या ट्रॉलीला लिथियम कॉम्प्लेक्स किंवा पाण्यासाठीचं मरीन ग्रीस घ्या, घट्टपणा २ नंबर. जुनं कोणतं होतं माहीत नसेल तर सगळं धुऊन काढा. वेगळ्या जातीची दोन ग्रीसं एकत्र आली की कधी कधी दोन्ही पातळ होऊन वाहून जातात.

तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या आणि बेरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत दाबत ओढा, वरून रोलरच्या फटींतून ग्रीस बाहेर येईपर्यंत. पूर्ण फेरा करा. हबच्या पोकळीत मात्र एक तृतीयांश, फार तर अर्धं. गच्च भरलेलं ग्रीस घुसळलं जातं, त्यानंच ताप येतो आणि सील बाहेर ढकललं जातं. सीलच्या कडेला आतून ग्रीसचं बोट फिरवा, कोरडं सील पहिल्याच किलोमीटरमध्ये जळतं. दोन कडांचं सील मिळत असेल तर तेच घ्या.

सातवी पायरी: नट

सगळ्यात कमी वेळाचं आणि सगळ्यात जास्त बिघडणारं काम. एका हातानं चाक फिरवत राहा आणि दुसऱ्या हातानं नट आवळा, चाक जड वाटेपर्यंत. यानं कप-कोन जागेवर बसतात. आता नट पाव फेरा सोडा, पूर्ण सैल. मग पाना खाली ठेवा आणि नुसत्या बोटांनी लागेल तेवढा लावा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट मागे घ्या, पुढे कधीच नाही. प्ले पाव मिलिमीटरच्या आत हवा, हाताला तो जेमतेम टिकटिक जाणवतो. नवी स्प्लिट पिन घाला. जुनी सरळ करून घातलेली पिन वाकवलेल्या जागीच तुटते.

पाच किलोमीटर चालवा, हात लावा. मग २० किलोमीटर, पुन्हा हात. नव्या सीलमुळे सुरुवातीला थोडा जास्त ताप दिसेल, पण दोन्ही बाजू सारख्या हव्यात. ५०-६० किलोमीटरनंतर एकदा प्ले पुन्हा बघा, कप नीट टेकला नसेल तर आता कळेल.

पाण्याकाठच्या सवयी

काठावर पोचल्यावर लगेच पाण्यात घालू नका. अर्धा तास उभी करा. दोऱ्या सोडा, जाळी काढा, इंजिनाचं तेल बघा, तेवढ्यात हब निवतो. शक्य तिथे चाकं हबच्या खालीच बुडतील इतकीच मागे घ्या आणि होडी रोलरवरून सरकवा. टोपीऐवजी स्प्रिंगची दट्ट्या असलेली टोपी मिळते, ती आतल्या ग्रीसवर हलका दाब ठेवते. त्यामुळे ओढ तयार झाली तरी पाण्याऐवजी ग्रीस सरकतं. उपयोगी आहे, पण तिच्यावर भरवसा ठेवून गनचे वीस-वीस दट्टे मारणारे लोक मागचं सील फोडून घेतात. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फराटे दिसले तर तेच झालंय.

पाण्यातून निघाल्यावर तशीच घरी उभी करू नका. चार-पाच किलोमीटर फिरवा, म्हणजे रोलरवर ग्रीस पुन्हा पसरतं. महिनाभर उभी राहणार असेल तर आठवड्याला चाकं अर्धा फेरा फिरवा. हंगाम संपला की एकदा उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरून ठेवा. मासेमारी बंद असते तेव्हा हे करायला वेळ असतोच.

रस्त्यात धूर निघाला तर

बाजूला घ्या, पाणी ओतू नका, निदान पाऊण तास थांबा. चाक कलंडलेलं दिसलं, टोपीतून धातूचे तुकडे पडले किंवा हलवल्यावर चाक बोटभर हाललं तर तिथेच दुरुस्ती किंवा उचलून नेणं, तिसरा मार्ग नाही. पिंजरा तुटलेल्या बेरिंगवर चालवलं की स्टब कापला जातो आणि चाक ट्रॉलीच्या पुढे पळतं. नुसतं तापलंय आणि चाक फिरतंय, तर नट बघा. आवळलेला असेल तर सोडून बोटांनी लावा आणि १५-२०च्या वेगानं जवळच्या गावापर्यंत जा, दर तीन किलोमीटरला हात लावत.

मामांनी आता होडीत एक डबा ठेवलाय. त्यात कप बसवून, ग्रीस भरून, सील लावून तयार केलेला पूर्ण हब पोत्यात गुंडाळलेला, सोबत चार स्प्लिट पिना, एक टोपी, पाना आणि फळीचा तुकडा. जुना हब काढला की हा सरकवायचा, नट लावायचा, वीस मिनिटांत गाडी रस्त्यावर. भाच्यानं त्या डब्यावर खडूनं लिहिलंय, "पाणी ओतू नये".